दाण्याला आधी त्याचं गाव विचारा

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सूचक खनिजांवर म्हणजे इंडिकेटर मिनरल्सवर मी अर्धंच पान लिहिलं होतं, पण त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी दोन ओळीत सांगते. जमिनीत हिरा, सोनं, तांबं असं काही असलं तरी ते स्वतः हाताला लागणं फार अवघड, पण त्याच खडकात त्याच्या सोबतीला दुसरी काही खनिजं असतात, ती संख्येनं भरपूर असतात, वजनाला जड असतात, सहजी झिजत नाहीत आणि पावसापाण्यानं ओढ्यात, नदीत येऊन पडतात. ते दाणे शोधायचे आणि ते जिकडनं आले तिकडं उलटं चालत जायचं. एवढीच युक्ती आहे, पण ती नीट करायची म्हटली तर माणसाची अर्धी हयात जाते.

ताई, आम्ही चौघं मित्र रविवारी हत्तरसंग कुडलला संगमावर गेलो होतो. तिथल्या वाळूत जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं तर काळी वाळू केसासारखी उभी राहिली. घरी येऊन भिंगातून बघितलं तर चार-पाच हिरवे दाणे आणि दोन लालसर दाणे दिसले. यूट्यूबवर सांगतात हिरवा म्हणजे क्रोम डायोप्साइड, लाल म्हणजे पायरोप गार्नेट आणि हे दोन्ही सापडले की जवळपास हिरा. भीमेत हिरा असेल का? फोटो पाठवलाय.
एक वाचक, जुळे सोलापूर

फोटो मी चार-चारदा मोठा करून बघितला. फोटोवरनं खनिज ओळखणं म्हणजे आवाजावरनं माणसाचं वजन सांगण्यासारखं आहे, त्यामुळं ठाम काही म्हणत नाही, पण हिरव्यातले दोन दाणे मला बाटलीच्या काचेचे वाटतात. पाण्यात घासून घासून काचेच्या कडा गोल होतात आणि वर धुरकट थर येतो, मग ती फार देखणी दिसते. एक दाणा फोडून भिंगाखाली धरा, आत बारीक बुडबुडा दिसला की विषय संपला. बाकीचे मळकट, शेवाळी रंगाचे आहेत ते सेलॅडोनाइट असावेत, आपल्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांना आतून जो हिरवा लेप असतो तो. आणि लालसर दोन्ही बहुतेक विटेचे तुकडे किंवा दोन लाव्हांच्या थरांमध्ये जो तांबडा पट्टा दिसतो त्यातले. नखानं किंवा सुईनं ओरखडून बघा, भुकटी निघाली तर गार्नेट नाही, गार्नेटवर सुईचा ओरखडा उठत नाही.

आता मुद्द्याचं. दाणा हातात आला की तो काय आहे हे नंतर, आधी त्याला गाव विचारायचं. आपण नवीन माणूस भेटला की नाव झाल्या झाल्या मूळ गाव कुठलं म्हणून विचारतो ना, तसंच. कुडलला दोन नद्या मिळतात, भीमा येते भीमाशंकराहून आणि सीना येते अहिल्यानगरकडनं, आणि या दोघी सोलापूरपर्यंत येईस्तोवर जिथनं जिथनं वाहतात ते सगळं दख्खनचं पठार आहे, बेसाल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यामुळं त्या वाळूत बेसाल्टचीच लेकरं असणार. चुंबकाला उभी राहिलेली काळी वाळू हे टायटॅनियम असलेलं मॅग्नेटाइट, आणि चुंबकाला थोडंसंच ओढ खाणारे काळे दाणे म्हणजे इल्मेनाइट. दोन्ही बेसाल्टमधलेच.

हिरा वर घेऊन येतो तो किंबरलाइट किंवा लॅम्प्रोइट नावाचा खडक. आपल्याला जवळचा किंबरलाइटचा इलाखा म्हणजे नारायणपेठ-रायचूरकडचा. सोलापूरहून रायचूरला रेल्वेनं जा आणि खिडकीत बसा, अक्कलकोट रोड, दुधनी, कलबुर्गीपर्यंत काळी माती आणि काळा दगड, मग शहाबाद आलं की आपल्या घराघरात जी फरशी आहे तिचा चुनखडक, आणि यादगीरच्या पुढं एकदम गुलाबी-करड्या ग्रॅनाइटच्या टेकड्या, दगडावर दगड रचल्यासारख्या. त्या जुन्या ग्रॅनाइटमध्ये हे किंबरलाइट घुसलेले आहेत, साधारण ११० कोटी वर्षांपूर्वी. पण बघा, भीमा इकडनं तिकडं वाहते. तिकडचा दाणा कृष्णेत पडेल आणि बंगालच्या उपसागराला जाईल, तो उलटा चढून कुडलला येणार नाही.

मग सोलापूरच्या खाली खोलवर असलं काही असेल का, असा पुढचा प्रश्न तुमच्या मनात येईलच. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला जो खोल बोअर घेतला त्यात ३३८ मीटर बेसाल्ट लागला आणि त्याच्याखाली गाळाचा पातळ थर जाऊन जुना ग्रॅनाइटी खडक लागला. म्हणजे आपल्या पायाखाली जुनी जमीन आहे, पण लाव्हाचं एवढं जाड पांघरूण घेऊन झोपलेली. तिथला दाणा त्यातनं वर येऊन भीमेच्या वाळूत पडेल हे शक्य नाही.

यूट्यूबवाल्यानं खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही, अर्धं सांगितलं. आणि एक गोष्ट तो कधीच सांगत नाही ती मी सांगते, कारण ती माझ्यावर बेतलेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी रायचूरच्या बाजूला एका ओढ्यातनं सँपल घेतलं, घमेल्यात धुतलं तर तळाला नारिंगी-लाल गार्नेटच गार्नेट. कॅम्पवर सगळे खूश, रात्री जेवताना दुसरा विषय नाही. तीन दिवस आम्ही ओढ्याच्या वरच्या अंगाला उन्हात चाललो, दर अर्ध्या किलोमीटरला सँपल, आणि पुलाच्या पलीकडं गेल्याबरोबर गार्नेट गायब, एक दाणा नाही. रस्त्याच्या कामाला खडी दुसऱ्या जिल्ह्यातल्या खाणीतनं आली होती, तिच्यातले गार्नेट पुलावरनं खाली पडलेले. तेव्हापासून पुलाच्या खालच्या अंगाला मी सँपल घेत नाही. तुम्ही पण घरच्या बांधकामाच्या वाळूत काही चमकदार दिसलं तर आधी ट्रकवाल्याला विचारा की बाबा कुठं भरलीस. अभ्रक चमकत असेल, गुलाबी फेल्डस्पार असेल तर ती वाळू कर्नाटकातल्या ग्रॅनाइटकडची असणार, आपल्या भागातली नाही.

मॅडम, मी सोलापुरातच एमएस्सी जिऑलॉजी करतोय. सूचक खनिजं समजली, पण "मिनरल केमिस्ट्री" वेगळी का करायची? मातीचं सँपल एक्सआरएफ मशीनला लावलं की सगळी मूलद्रव्यं कळतातच की. आणि गार्नेट सापडला म्हणजे सापडला, त्यात परत केमिस्ट्री कशाला?
एक विद्यार्थी, सोलापूर

फार चांगलं विचारलंस. एक्सआरएफला मातीची भुकटी देतोस तेव्हा तू अख्खी आमटी चाखतोस. मीठ किती, तिखट किती ते कळेल, पण त्यातली डाळ कुठल्या शेतातली आणि चिंच कुठल्या झाडाची ते नाही कळणार. टनभर मातीत कामाचे दाणे दहा-वीस असतात, भुकटीत त्यांचा क्रोमियम कुठल्या कुठं बुडून जातो. त्यात आपल्याकडं बेसाल्टची माती, तिच्यात लोह-टायटॅनियम मुळातच मायंदाळ, म्हणजे मशीन आकडे दाखवणार आणि त्यातनं निष्पन्न काही नाही. म्हणून एकेक दाणा वेगळा काढून त्याचं पोट तपासायचं.

ते कसं करतात ते तू एकदा तरी डोळ्यांनी बघावंस. वाळू चाळून, धुवून, जड द्रवात टाकतात, क्वार्ट्झची घनता २.६५ म्हणून तो तरंगतो, गार्नेट साडेतीनच्या वर आणि इल्मेनाइट साडेचारच्या वर म्हणून ते तळाला. मग तो तळ मायक्रोस्कोपखाली पसरायचा आणि ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक दाणा उचलायचा. हे काम करणाऱ्या माणसाकडं माझा हात आपोआप जोडला जातो, दिवसभर मान खाली, श्वास जोरात सोडला तर दाणे उडतात. माझ्या ओळखीच्या एक बाई होत्या, जांभळट गार्नेट आणि साधा लाल गार्नेट त्या नुसत्या नजरेनं वेगळे करायच्या आणि नंतर मशीनचा आकडा यायचा तो त्यांच्या बाजूनंच. मग ते दाणे टेपवर ओळीनं चिकटवायचे, वरनं इपॉक्सी ओतायची, घट्ट झालं की घासत घासत दाणे अर्धे कापले जाईपर्यंत पॉलिश, वर कार्बनचा पातळ थर, आणि मग ईपीएमए म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब. त्यात साधारण एक मायक्रॉनचा इलेक्ट्रॉनचा झोत दाण्यावर मारतात, प्रत्येक मूलद्रव्य आपापला ठरावीक एक्स-रे सोडतं, तो मोजला की ऑक्साइडचे टक्के मिळतात. रेमों कास्ताँ या फ्रेंच माणसानं १९५१ मध्ये पॅरिसला पीएचडीत हे मशीन मांडलं, म्हणजे आपल्या आजोबांच्या काळातली गोष्ट आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न, गार्नेट सापडला म्हणजे सापडला का? नाही. गार्नेट हे आडनाव आहे रे, माणूस नाही. शिस्ट खडकातला साधा अल्मंडाइन गार्नेट लोहानं भरलेला असतो, हिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. किंबरलाइटबरोबर येणारा पायरोप मॅग्नेशियमवाला. आणि पायरोपमध्येसुद्धा सगळे सारखे नाहीत. ज्यात क्रोमियम जास्त आणि कॅल्शियम कमी, तो हिरा जिथं घडतो त्याच खोलीवरच्या, त्याच जातीच्या खडकातला, म्हणजे जुन्या खंडाच्या बुडाशी साधारण १५० किलोमीटरच्या खालचा. डॉसन आणि स्टीफन्स या दोघांनी १९७५ मध्ये गार्नेटचे गट पाडले, त्यातला दहावा गट हा, म्हणून जगभर त्याला जी-टेन म्हणतात, आणि दक्षिण आफ्रिकेच्या जॉन गर्नी यांनी दाखवून दिलं की हिऱ्याच्या आत अडकलेले गार्नेट बघितले तर बहुतेक याच गटात बसतात. शेजारी जी-नाइन असतो, दिसायला सख्खा भाऊ, पण कॅल्शियम जरा जास्त, आणि तेवढ्यानं गोष्ट बदलते. डोळ्याला हा फरक दिसत नाही, म्हणून केमिस्ट्री.

पुढं लेझरनं बारीक खड्डा पाडून गार्नेटमधलं निकेल मोजतात, निकेल जास्त म्हणजे तो जास्त तापमानात घडला, म्हणजे जास्त खोलवरनं आला, त्यातनं कळतं की हे किंबरलाइट हिऱ्याच्या थरातनं आलं की वरच्या वरनंच. इल्मेनाइटचं पण तसंच, बेसाल्टच्या इल्मेनाइटमध्ये मॅग्नेशियम थोडं, किंबरलाइटच्या इल्मेनाइटमध्ये मॅग्नेशियम आणि क्रोमियम बरंच जास्त. काळे कुळकुळीत दोन दाणे शेजारी ठेवले तर तुला मला फरक सांगता येणार नाही, प्रोब सांगतो. शिवाय इल्मेनाइट फार ऑक्सिडाइझ्ड असेल तर वर येताना हिरे असले तरी जळून-झिजून गेले असतील अशी शंका घ्यायची. आपल्यासाठी तर ही इल्मेनाइटची केमिस्ट्री सगळ्यात कामाची, कारण दख्खनच्या कडेला जिथं बेसाल्ट संपतो तिथं दोन्ही प्रकारचे काळे दाणे एकाच ओढ्यात मिसळलेले असतात आणि निवडणार कसे?

कॅनडात चार्ल्स फिप्के आणि स्टुअर्ट ब्लुसन यांनी हेच केलं. तिथं दाणे नदीनं नाही, हिमयुगातल्या बर्फानं पश्चिमेकडं ढकलत नेलेले, हे दोघं दहा-एक वर्षं बर्फाच्या वाहण्याच्या उलट दिशेनं दाणे मोजत मोजत गेले आणि लाक द ग्रा तळ्यापाशी १९९१ मध्ये हिरेवाला किंबरलाइट मिळाला. १९९८ मध्ये तिथं एकाटी खाण सुरू झाली. दाणे वाढत वाढत जातात आणि एका जागी अचानक संपतात, ती जागा म्हणजे उगम. दाण्यांची संख्या संपणं हीच खूण असते, हे मला त्या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं.

पण परीक्षेत लिहिशील तेव्हा उलट बाजू पण लिही. ऑस्ट्रेलियात आर्गाइलचा साठा १९७९ मध्ये सापडला, तो लॅम्प्रोइट, त्यात गार्नेट जवळजवळ नाहीच, ओढ्यात थेट हिरेच मिळाले म्हणून माग लागला. आणि इकडं नारायणपेठच्या पाइपांत, म्हणजे किंबरलाइट जमिनीत जिथनं वर आला त्या उभ्या नळ्यांत, सूचक खनिजं आहेत तरी बहुतेकांत हिरा मिळालेला नाही, आंध्रातल्या वज्रकरूरच्या काहींत मिळाला. आपल्याकडच्या ऊन-पावसात ऑलिव्हिन आणि डायोप्साइड लवकर कुजतात, गार्नेट, इल्मेनाइट, क्रोमाइट टिकतात, म्हणून हिरवे दाणे दिसले नाहीत म्हणून निराश व्हायचं नाही, आणि दिसलेच ताजेतवाने तर उगम जवळच आहे असं समजायचं.

आमचं सराफी दुकान आहे. कसोटीवर घासलं की सोन्याचा कस कळतो. तसं नदीतल्या सोन्याचा कण बघून ते कुठल्या खाणीतलं हे सांगता येतं का?
एक सराफ वाचक, सोलापूर

येतं, आणि तुम्ही ते काम अर्धं रोज करताच. निसर्गातलं सोनं कधी शुद्ध नसतं, त्यात चांदी असते, कुठं शेकडा पाच, कुठं शेकडा तीस, आणि कुठं सोबत तांबं, पारा, पॅलेडियम. ज्या शिरेतनं सोनं आलं त्या शिरेचा तो शिक्का. फक्त एक अडचण, नदीत पडल्यावर कणाच्या बाहेरच्या अंगाची चांदी विरघळून जाते, साल शुद्ध होते आणि गाभा तसाच राहतो. तुम्ही कसोटीवर घासता तेव्हा साल घासली जाते. म्हणून कण मधोमध कापून गाभ्याला प्रोब लावायचा. आकारावरनं पण कळतं, शिरेजवळचा कण काटेरी, फांद्याफांद्यांचा, लांब वाहत आलेला चपटा आणि गोल.

याच्यावरनंच एक जगप्रसिद्ध लबाडी उघडी पडली. इंडोनेशियात बुसांगला ब्रे-एक्स नावाच्या कॅनडियन कंपनीनं प्रचंड सोनं सापडल्याचं जाहीर केलं, शेअर आभाळाला भिडले आणि १९९७ मध्ये तपासणी झाली तर सँपलमधले कण गोल आणि चांदी उडालेल्या सालीचे. बोअरमधनं काढलेल्या दगडात असले कण येतीलच कसे, ते नदीतलं सोनं होतं, सँपलमध्ये बाहेरनं मिसळलेलं. लोकांच्या आयुष्याची पुंजी गेली, पण दाण्यानं आपलं गाव लपवलं नाही.

तुमच्या गल्लीत झारेकरी येत असतील, दुकानाची झाडलोट आणि गटारातला गाळ नेऊन धुणारे. त्यांच्या हातातली कला आणि आमचं पॅनिंग एकच आहे, घमेलं कसं फिरवायचं हे मी एका झारेकरी आजोबांकडनंच शिकले, कॉलेजात नाही. मात्र त्यांना मिळतं ते दागिन्यातलं, वितळून मिसळलेलं सोनं, त्याला आता गाव उरलेलं नाही.

मंगळवेढ्याजवळ आमची विहीर खणताना सुरुंगाच्या दगडात पांढरे, काचेसारखे, पंख्यासारखे खडे निघालेत. एकजण म्हणतो हे किमती खनिजाचं लक्षण आहे, तपासणीचा रिपोर्ट काढून देतो, वीस हजार द्या. देऊ का?
शेतकरी वाचक

अजिबात देऊ नका दादा. वर्णनावरनं ते झिओलाइट आहे, स्टिल्बाइटसारखं, लाव्हाच्या पोकळीत गरम पाण्यानं नंतर भरलेलं, महाराष्ट्रभर विहिरी आणि दगडखाणीत निघतं. त्याच्याखाली सोनं-हिरा असल्याचं ते लक्षण नाही. खडे चांगले धडधाकट असतील तर संग्राहक लोक घेतात, ते जपून कापडात गुंडाळून ठेवा, टोकं मोडली की मोल जातं. आणि नुसतं ओळखून हवं असेल तर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात घेऊन जा, मास्तर लोकांना असलं बघायला आवडतं.

हे सगळं हिऱ्या-सोन्यापुरतंच आहे का? आपल्या राज्यात उपयोग काय?
एक शिक्षिका, बार्शी

नाही, तांब्या-जस्तालाही चालतं. जस्ताच्या साठ्याभोवती गाहनाइट नावाचं निळसर-हिरवं जस्तवालं स्पिनेल मिळतं, ते कणखर असतं, नदीत टिकतं, आणि त्यातल्या जस्त-लोह-मॅग्नेशियमच्या प्रमाणावरनं साठ्यातलं की साध्या खडकातलं ते ठरवतात. मध्य प्रदेशात बैतूलच्या पट्ट्यात ते आहे. तांब्याच्या मोठ्या पॉर्फिरी साठ्यांभोवती क्लोराइट या हिरव्या खनिजात टायटॅनियम आणि स्ट्रॉन्शियमचं प्रमाण साठ्यापासूनच्या अंतराप्रमाणं बदलत जातं, म्हणजे दाणा नुसता दिशा नाही तर अंतरही सांगतो. आपल्या राज्यात हे उपयोगी पडेल ते विदर्भात आणि सिंधुदुर्गाकडं, जिथं बेसाल्टच्या पांघरुणाबाहेर जुने खडक उघडे आहेत. आणि जिऑलॉजिकल सर्व्हेचे नकाशे आणि गाळाचा डेटा भूकोश पोर्टलवर फुकट बघायला मिळतो, वर्गात मुलांना एकदा उघडून दाखवाच.

मी नववीत आहे. मला पण हे करायचं आहे. घरी काय करू?
एक विद्यार्थिनी, मोहोळ

नक्की कर. मोठं कुणी बरोबर असेल तरच नदीवर जा, पाण्याला ओढ असेल तर काठावरनंच. नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला किंवा मोठ्या दगडाच्या आडोशाला जिथं जाड गोटे साचतात तिथली दोन ओंजळी वाळू घे, जड दाणे तिथंच बसतात. आई पोह्याच्या चाळणीनं चाळू देत असेल तर चाळ, नाहीतर जुनं जाळीचं कापड. मग घमेल्यात पाणी घालून गोल गोल हलव, सुपात धान्य घोळतो तसं, आणि वरची हलकी वाळू पाण्याबरोबर सांडत राहा, शेवटी चिमूटभर काळं उरेल. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच फिरव, म्हणजे पिशवीतनं चुंबक काढून घेतलं की दाणे आपोआप खाली पडतात, नाहीतर ते चुंबकाला असे चिकटतात की निघता निघत नाहीत. उरलेले शंभर दाणे पांढऱ्या कागदावर मोज, किती काळे, किती हिरवे, किती पारदर्शक. वहीत तारीख, नदी कुठली, कुठल्या काठाला आणि जवळ पूल असेल तर त्याच्या वरच्या अंगाला की खालच्या, किती पावलांवर, ते सगळं लिही आणि ती वही मला पाठव.